अण्णांचं उसनं नाक

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात चहाचा घोट होता, आणि तो गिळावा की थुंकावा हे मला कळेना. नाशिकला रविवार कारंज्यावर आमचा चहाचा पिढीजात व्यापार आहे. सकाळी दुकान उघडलं की नव्या मालाचे कप ओळीनं मांडायचे, चमच्यानं सुर्रकन घोट ओढायचा, जिभेवर फिरवायचा आणि बाजूच्या पिंपात थुंकायचा. हे काम मी वडिलांच्या हाताखाली शिकलो आणि अजून दुसऱ्या कुणाला करू देत नाही. फोनवर शालिनीवहिनी होत्या, अण्णांच्या बायको. "भावजी, हे उठलेच नाहीत हो सकाळी," एवढंच म्हणाल्या. मी तो घोट गिळून टाकला. धंद्यात आल्यापासून पारखायला घेतलेला घोट मी कधी गिळला नव्हता. त्यांच्या घरी, गंगापूर रोडला पोहोचेपर्यंत तो चहा माझ्या जिभेवर रेंगाळत होता आणि मला स्वतःची लाज वाटत होती... अण्णा गेले आहेत, आणि माझ्या डोक्यात विचार काय, तर माल जरा जास्त भाजला गेलाय.

मी स्वभावानंच अपराधी माणूस आहे. गिऱ्हाइकानं पुडा परत आणला तर त्याच्या घरचं दूध नासकं असेल हे माझ्या मनात येत नाही, माझंच काही चुकलं असं वाटतं. अण्णा यावरून माझी खूप थट्टा करत. "दिलीप, तुला कोर्टात नेऊन उभा केला तर दुसऱ्याचा गुन्हासुद्धा कबूल करशील," असं म्हणत. पण अण्णांच्या बाबतीतलं एक ओझं असं होतं, की ते गुन्हा आहे की नाही हेच मला ठरवता येत नव्हतं. ते वाहतच मी त्यांना खांदा दिला. ते उतरलं गेल्या महिन्यात. आणि उतरल्यापासून मला इतका आनंद झालाय, की माणूस जाऊन दोन-तीन महिने होत नाहीत तोवर असा आनंद होणं बरं का, म्हणून आता त्याचाही अपराध वाटतो. तेव्हा हे सगळं लिहून काढणंच बरं.

अण्णांशी माझं कुठलंही नातं नव्हतं. ते एका वाइनरीत केमिस्ट होते. एक दिवस दुकानात आले, प्रत्येक पोत्यात हात घालून मूठभर पत्ती नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि काहीच विकत न घेता निघाले. मी चिडून म्हटलं, "काका, हे अत्तराचं दुकान नाही." ते वळले आणि म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या पोत्याला ओल लागलीय. वास बघा, भिजलेल्या गोणपाटाचा येतोय." मी वास घेतला. गोणपाटाचा नव्हता, तो नव्या चपलेच्या डब्याचा होता, आणि मी तसं सांगितलं. अण्णांनी पुन्हा नाक घातलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "बरोबर. तुमचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. चहा पाजा." काकाचे अण्णा त्याच दिवशी झाले.

त्यांचं खरं प्रेम मात्र वाइनवर नव्हतंच. वाइनरीनं त्यांना एकदा यंत्रं पाहायला युरोपात पाठवलं होतं. परतीच्या वाटेवर कुणा ओळखीच्यानं त्यांना बेल्जियममधल्या एका मठात नेलं. तिथले साधू प्रार्थना करतात, भाज्या लावतात आणि बिअर बनवतात. रोज प्यायची साधी, पाहुण्यांसाठी तिच्याहून कडक, आणि सगळ्यात वरची, काळसर, भारी, वर्षानुवर्षं तळघरात ठेवून मग उघडायची. तिथल्या एका म्हाताऱ्या साधूनं अशी एक जुनी बाटली उघडली, रुंद तोंडाच्या ग्लासात ओतली आणि अण्णांच्या हातात दिली. अण्णा प्यायला गेले तर त्यानं हातानं थांबवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. साधूनं नुसतं दाखवलं, की दोन्ही तळव्यांत ग्लास धरून बस. "मी बसलो रे," अण्णा सांगत. "आधी काहीच नाही. मग ग्लासातून हळूहळू एकेक जण बाहेर यायला लागला. बेदाणा आला, काकवी आली, मग जायफळ... जसं काही कुणी घराचं दार उघडून आत बोलावतंय." अण्णांनी तो रुंद तोंडाचा ग्लास साधूकडून मागून आणला होता. कपड्यांत गुंडाळून, स्वतःच्या मांडीवर ठेवून.

हे सगळं घरी सांगितल्यावर शालिनीवहिनी काय म्हणाल्या, ते अण्णाच हसत हसत सांगत. "साधू बिअर करतात म्हणे! आपल्याकडं कुंभमेळ्याला येतात ते चिलीम ओढतात, पण निदान लपवत तरी नाहीत. तुम्हाला प्यायचीच असेल तर प्या, त्याला मठ कशाला मध्ये आणता?" वहिनी दिंडोरीकडच्या, द्राक्षबागाईतदारांच्या घरातल्या. घरात दारूचा थेंब नाही. नवऱ्याच्या नोकरीबद्दल विचारलं तर त्या वर्षानुवर्षं "द्राक्षाच्या कारखान्यात आहेत" एवढंच सांगत.

पुढं किरणशेठ भेटले. हे पिंपळगाव बाजूचे, घरची द्राक्षनिर्यात, हौशी आणि तोंडाचे फटकळ. गिरणाऱ्याच्या रस्त्याला त्यांनी परवाना काढून एक छोटी ब्रुअरी सुरू केली आणि अण्णांना तिथं बोलावलं. नेहमीची हलकी बिअर विकून धंदा चालवायचा आणि जोडीला अण्णांनी त्यांची मठाची बिअर करून पाहायची, असं ठरलं. मलाही अण्णांनी ओढलं. माझ्या घरी वडील चहाशिवाय दुसरं काही न पिता गेलेले. पहिल्यांदा ग्लास हातात घेतला तेव्हा भिंतीवरच्या त्यांच्या फोटोसमोर उभं राहिल्यासारखं झालं. अण्णा म्हणाले, "तू पिऊ नकोस. तू पारख. चहासारखं कर आणि थुंक." मग मी थुंकत राहिलो. पुढे पुढे सगळंच थुंकत होतो असं मात्र म्हणणार नाही.

पारखायची त्यांची एक पद्धत होती. ग्लासात आलेला वास आपल्या घरात, गल्लीत, शेतात भेटलेला असला पाहिजे. ब्रुअरीतल्या कुणी इंटरनेटवर वाचून "प्लम येतोय" म्हटलं की अण्णा विचारत, "प्लम शेवटचा कधी खाल्लास?" तो डोकं खाजवायचा. "मग तो तुला कसा येईल? तुझ्याकडं जे आहे तेच तुला येणार. नीट आठव." मग हळूहळू लोक आठवायला लागले. भिजवलेल्या खारका, उसाच्या गुऱ्हाळावरची मळी, पावसाळ्यात उघडलेली लाकडी पेटी. आणि दुसरी गोष्ट म्हणजे घाई नाही. "चहा गार झाला की मरतो," ते मला म्हणत, "ही गार असताना झोपलेली असते. तळव्यांनी ऊब दे, उठेल." गिऱ्हाइकाला चहा उकळता पाजणाऱ्या माझ्यासारख्याला हे शिकायला वर्षं लागली.

मुरवायला ठेवण्याच्या बाबतीत मात्र आम्ही पहिल्याच खेपेला असे तोंडावर पडलो, की ते आठवून मला अजून हसू येतं. काहीही टिकवायचं म्हटलं की आम्हा नाशिककरांना आधी कांदा आठवतो. वहिनींचे मावसभाऊ येवल्याजवळ असतात. त्यांची कांदाचाळ हिवाळ्यात रिकामी होती. फटींतून वारा खेळतोय, वर छप्पर, खाली जमिनीपासून उंच. अण्णांना वाटलं, यापेक्षा चांगली जागा कुठली? बाटल्या नेऊन गवतात रचल्या. थंडीभर सगळं ठीक होतं. मग ऊन तापायला लागलं, बाटलीतलं यीस्ट पुन्हा जागं झालं, आणि एका दुपारी मेव्हण्यांचा फोन आला. "दाजी, तुमचे फटाके फुटाया लागले. म्हशी बुजल्या माझ्या. नवा कांदा भरायचाय, लवकर या!" आम्ही गेलो तेव्हा चाळीत सगळीकडं फेस आणि काचा, आणि अण्णा त्यात चपला घालून उभे, आणि हसत होते. "हवेशीर म्हणजे गार नव्हे," म्हणाले, "लिहून ठेवावं असं वाक्य आहे." वाचलेल्या बाटल्या घरी आणून उघडल्या तर बुचापाशी कांद्याचा वास. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भेळेबरोबर खपेल."

त्यानंतर किरणशेठनी त्यांच्या पॅकहाऊसमधली जुनी शीतखोली दिली. द्राक्षं पेट्यांत भरण्याआधी गार करायची ती खोली, नवी मोठी बांधल्यामुळं मोकळी पडली होती. तिथं कायम सारखाच गारवा आणि अंधार. अण्णांना तळघर मिळालं. त्यांनी आयुष्यातली सगळ्यात भारी, सगळ्यात काळी बिअर टाकीत चढवली, आणि तेवढ्यात करोनाची साथ आली.

सगळं बंद. ब्रुअरीत माणूस नाही, वीज जातेय, आणि अण्णा तापानं फणफणलेले. तिकडं टाकीही फणफणली. यीस्टला जेवढी ऊब सोसते त्यापेक्षा कितीतरी जास्त. अण्णा बरे होऊन कसेबसे बाटल्या भरून घेईपर्यंत बिअर बिघडली होती असंच सगळ्यांचं मत पडलं. कच्च्या स्पिरिटचा भपकारा, घशाला ओरबाडा. पण अण्णांना त्यातलं काहीच कळत नव्हतं, कारण त्यांचा वास गेला होता. बाकीच्यांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला. अण्णांचा आला नाही. ते माझ्या दुकानात आले, सगळ्यात उंची चहाचं पोतं उघडायला लावलं, त्यात कानापर्यंत तोंड घातलं आणि वर बघून मला विचारलं, "दिलीप, आहे का रे यात काही?"

मी पोत्यात नाक घातलं आणि जे जे आलं ते एकेक करून त्यांना सांगितलं.

मग मी त्यांचं नाक झालो. ते ग्लास तळव्यांत धरून ऊब द्यायचे, मग माझ्या नाकाशी धरायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. मी सांगायचं, त्यांनी विचार करायचा. नेहमीच्या बिअरवर आमचं बरं जमलं. पण त्या काळ्या बिअरची पहिली बाटली त्यांनी माझ्यापुढं धरली, तो दिवस वेगळा होता. किरणशेठ टाकून द्या म्हणत होते. अण्णा आजारातून उठलेले, गळ्याची हाडं दिसत होती, सदरा खांद्यावरून घसरत होता. मी वास घेतला. भपकारा होताच, डोळ्यांत पाणी आलं. मी थांबलो. ग्लास तापला. पुन्हा घेतला. आणि भपकाऱ्याच्या खाली कुठंतरी खोल, पुसटसं, मला पुरण आलं. नुसतं पुरण नव्हे... घाटताना पातेल्याच्या तळाला लागतं ती खरवड. गूळ, जायफळ आणि किंचित जळकेपणा.

इथं हे सांगायला हवं, की शालिनीवहिनींचं पुरण आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध आहे, आणि त्या ते मुद्दाम थोडं लागू देतात. "लागू द्यायचं, करपू द्यायचं नाही," हे त्यांचं सूत्र. ती खरवड अण्णांची असायची. होळीला सगळे पोळ्या खायचे आणि हा माणूस पातेलं मांडीवर घेऊन उलथन्यानं खरवडत बसायचा.

"पुरण," मी म्हटलं. "खाली लागलेलं."

अण्णा रिकाम्या क्रेटवर बसले. "करपलेलं की लागलेलं?"

"लागलेलं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला वर्णन करता येणार नाही. मग एकदम माझा हात धरून म्हणाले, "हिला सांगू नकोस. 'माझ्या पुरणाला दारूचा वास लावला' म्हणून दोघांनाही ताटावरून उठवेल." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी किरणशेठना सांगितलं, की पाया शाबूत आहे, वरचा भपकारा वेळ खाऊन टाकेल, थांबा. माझ्या नावावर थांबा.

तेव्हापासून ते ओझं सुरू झालं. मी खोटं बोललो नव्हतो. पण खरं बोललो होतो का? पुरण खरंच आलं होतं, की त्या सुकलेल्या तोंडाकडं बघून माझ्या नाकानं ते शोधून आणलं? जे ऐकून त्यांना सगळ्यात जास्त बरं वाटेल नेमकं तेच मला कसं सुचलं? माझ्या धंद्यात नाकाला मन फसवतं हे मला पक्कं ठाऊक आहे. घरी भांडण झालं असेल त्या दिवशी मी माल घेत नाही. आणि अण्णा तर माझ्या त्या एका शब्दावर सगळं लावत होते. गोव्याहून एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं, त्यांनी नाकारलं. "माझी काळी इथं झोपलीय, तिला सोडून कुठं जाऊ?" म्हणाले. मी प्रत्येक वेळी बोलायचं ठरवायचो... आणि प्रत्येक वेळी ते ग्लास पुढं करायचे, मी वास घ्यायचो आणि पुरण यायचं. दर वेळी थोडं जास्त. आता हे खरं धरायचं की माझ्या मनाचे खेळ?

वर्षभरानं किरणशेठनी एक बाटली उघडायला लावली, घोट घेतला आणि खिडकीतून बाहेर टाकला. "अण्णा, लय झालं आता. ही पाजून आमच्याकडचा गडी पण दुसऱ्या दिवशी कामाला यायचा नाय." अण्णांनी शांतपणे सांगितलं, "शेठ, रोज माती उकरून बी बघितलं तर ते उगवत नाही. आता मध्ये कुणीच उघडायची नाही. मीपण नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी शेवटची परीक्षा." किरणशेठ तोंडाचे फटकळ पण शब्दाचे पक्के. त्यांनी खोली बंद केली आणि वर्षामागून वर्षं किल्लीला हात लावला नाही. यंदा मात्र ती खोली पाडून तिथं नवं यंत्र बसवायचं ठरलं. होळी झाली की बाटल्या उघडायच्या. चांगली निघाली तर विकायची, नाहीतर गटारात. अण्णांनी मान्य केलं. मला म्हणाले, "नाक सांभाळ. सर्दी करून घेऊ नकोस." थंडी सरता सरता, झोपेतच, ते गेले.

अण्णांच्या घरी यंदा होळीला पुरण शिजलं नाही. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही. आमच्याकडं शिजलं, पण मला ताटावर बसवेना. चुलीवरच्या पातेल्यातून वास येत होता आणि मी तो मनाशी ताडून बघत होतो, की मला आला होता तो हाच का? काही केल्या जुळेना. आठवणीतला वास कधी समोर धरता येतो का? मला वाटलं, मी अण्णांना फसवलं. प्रेमानं फसवलं, पण फसवलं.

होळीनंतर किरणशेठचा फोन आला. "दिलीपशेठ, यायचं बघा. आणि वहिनींनाही घेऊन या, अण्णांच्या वस्तू पडल्यात इथं. परस्पर पाठवणं बरं नाय दिसत." वहिनी ब्रुअरीत आयुष्यात पहिल्यांदा येत होत्या. टाक्यांकडं मान वर करून बघत म्हणाल्या, "एवढाले हंडे सांभाळत होते, आणि घरी दूध उतू गेलं तर ढिम्म बसायचे." त्यांना ऑफिसात बसवलं, चहा दिला. माझ्याच दुकानाचा होता. अण्णांचा चष्मा, ॲप्रन, तो मठातून आणलेला ग्लास आणि खुंटीवरचा पंचा त्यांच्यासमोर ठेवला. ग्लास मात्र मी मागून घेतला. "आजच्या दिवस देता?" त्यांनी मानेनंच हो म्हटलं. आत कशाची परीक्षा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "अण्णांची शेवटची बिअर बघायचीय," एवढंच आम्ही सांगितलं होतं. पुरणाचा शब्द तर अण्णांच्या आणि माझ्यापलीकडं कुठंच गेला नव्हता. किरणशेठनासुद्धा नाही.

शेजारच्या खोलीत किरणशेठ आणि मी. मी बूच काढलं. घाईत बाटली नीट कलती धरलीच नाही, आणि इतकी वर्षं कोंडलेला फेस उसळून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर. ग्लासात निम्मीच आली. किरणशेठ ओरडले, "अहो धरा, धरा!" तो आवाज ऐकून वहिनी उठून आल्या. हातात पंचा होताच. त्यांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. घरात काही सांडलं की बाई जशी पुसते तशा त्या खाली वाकून पुसायला लागल्या. मी ग्लास तळव्यांत धरून उभा होतो. अण्णांसारखा. पण नाकाशी न्यायचं धाडस होत नव्हतं. नाही आलं पुरण तर? आणि आलं, तरी ते कुणाचं?

पुसून झालं. वहिनींनी पंचा पिळला आणि नाकाशी नेला. सगळ्या बायका नेतात तसा, धुवायला किती घाण झालाय ते बघायला. आणि तशाच थांबल्या. पुन्हा नाकाशी नेला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या,

"भावजी, यंदा आमच्याकडं पुरण नाही ना घातलं?"

"नाही, वहिनी."

"मग हे खाली लागलेलं कुणाचं?"

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. किरणशेठ सांगतात, की मी ग्लास हातात धरून लहान मुलासारखा हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग मी वास घेतला. पुरण आता शोधायची गरजच नव्हती. भपकारा कुठल्या कुठं गेला होता. तळ वर आला होता. गूळ, जायफळ, बेदाणा, जुनं लाकूड, आणि सगळ्यांच्या मागं ती जळकी गोडी. घोट घेतला तर जिभेवर साईसारखा पसरला आणि घशातून उतरताना फक्त ऊब राहिली. किरणशेठनी घोट घेतला. खिडकीपाशी गेले. मला वाटलं आता टाकतात. त्यांनी गिळला, दुसरा घेतला, आणि आमच्याकडं पाठ करूनच म्हणाले, "अण्णा जिंकले राव." मग वळून म्हणाले, "खोली पाडायची नाय. यंत्र बसंल दुसरीकडं."

मग मी वहिनींना सगळं सांगितलं. पुरण, खरवड, हिला सांगू नकोस, सगळं. माझा इतक्या वर्षांचा संशयसुद्धा. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे माझं पुरण बाटल्यांत भरून एवढी वर्षं अंधारात ठेवलंत, आणि मलाच पत्ता नाही!" हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना वास येत नाही हे मला पहिल्याच होळीला कळलं होतं. दरवर्षी पोळी वाढायच्या आत पातेलं मागायचे. त्या वर्षी मागितलंच नाही. मी पण विचारलं नाही. खरवड काढून ताटात ठेवली, त्यांनी 'छान झालीय' म्हणून खाल्ली..." आणि मग त्यांनी माझ्या हातून ग्लास घेतला. "पिणार नाही हं," असं आधी बजावलं. दोन्ही तळव्यांत धरला, अगदी तसाच, जसा त्या साधूनं अण्णांना आणि अण्णांनी मला शिकवला होता. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. थंडीत चहाचा पेला धरावा तशा त्या उभ्या राहिल्या आणि बराच वेळ नुसता वास घेत राहिल्या.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "वहिनी, तो पंचा तसाच ठेवा, धुऊ नका." त्या माझ्याकडं, मी अगदीच अडाणी असल्यासारखं बघत म्हणाल्या, "न धुता ठेवला तर आंबेल, भावजी. आणि वास काय, तुमच्या त्या खोलीत बाटल्या भरभरून आहे की." दुसऱ्या दिवशी त्यांच्या गच्चीवर पंचा वाळत घातलेला मी पाहिला, पांढराशुभ्र. पुढच्या वर्षी होळीला पुरण घालणार आहेत. मला हुकूम झालाय, की एक बाटली घेऊन यायची, पातेल्याशेजारी ठेवायची आणि बघायचं कुणाचं जास्त खरपूस. किरणशेठनाही बोलावलंय. ते म्हणाले, "मी आपला पुरणाच्या बाजूनं. वहिनींच्या विरोधात कोण बोलंल?"

ग्लास वहिनींनी मला दिला. तो आता दुकानात असतो, चहाच्या कपांच्या रांगेत शेवटी, रिकामा. सकाळी माल पारखताना मी त्याच्यापर्यंत पोहोचलो की क्षणभर थांबतो. मग शेवटच्या कपातला घोट ओढतो, जिभेवर फिरवतो, आणि बाजूला पिंप असूनही थुंकत नाही. गिळतो.